ओगराळ्याने काढलेलं पाणी

सायमा केस्किटालोला माणसांपेक्षा पाणपिसवा बऱ्या वाटत, आणि हे ती कुणापासून लपवून ठेवत नसे. पाणपिसू म्हणजे टाचणीच्या डोक्याएवढा जीव. तळ्यानदीत टुणटुण उड्या मारत फिरते, आठवड्याभरात पोरं घालते, आणि पाण्यात काही वाईट उतरलं की सगळ्यांच्या आधी मरते. "निदान थापा तरी मारत नाहीत," असं सायमा म्हणायची. ग्लेन पेनहेलच्या प्रयोगशाळेत मागच्या खोलीत दिव्यांखाली तिने त्या हजारोंनी पाळल्या होत्या. नाताळच्या दिवशीही त्यांना खायला घालायला ती यायची. गावातले लोक म्हणायचे, बाईने लग्न केलं नाही, पण पिसवांचा संसार मात्र थाटात मांडलाय.

गाव तांब्याचं. चर्चचं छप्पर तांब्याचं, आणि कुणाचा ना कुणाचा आजोबा खाणीत गाडला गेलेला. खाणी बंद पडून जमाना झाला होता, पण त्यांची करडी वाळू डोंगरासारखी पडून होती. एका कंपनीने ठरवलं, की ही वाळू पुन्हा दळायची आणि उरलंसुरलं तांबं काढायचं. हेमलॉक नदीच्या काठी गिरणी उभी राहिली. गिरणीचं पाणी नदीत सोडायचं, म्हणजे त्यात थोडं तांबं जाणारच. किती गेलेलं चालेल, एवढाच प्रश्न होता.

आता कायद्यात त्याचा आकडा होता, आणि तो फार कडक होता. पण कंपनी म्हणाली, तुमचा आकडा स्वच्छ पाण्याचा आहे, आमची हेमलॉक दलदलीतून येते, चहासारखी तपकिरी. कुजक्या पानांचा तो अर्क तांब्याला धरून ठेवतो, मोकळं सोडत नाही. पाण्यात तांबं असलं तरी जिवांच्या अंगी लागत नाही. तेव्हा आमचा आकडा वाढवून द्या.

सायमाला चीड यायची ती याची, की कंपनी खोटं बोलत नव्हती. तिनेच ते मोजलं होतं. एका रांगेत प्रयोगशाळेचं स्वच्छ पाणी, दुसऱ्या रांगेत नदीचं. दोन्हींत चढत्या मापाने तांबं घालायचं, आदल्या दिवशी जन्मलेल्या पिसवा सोडायच्या आणि दोन दिवसांनी मेलेल्या मोजायच्या. उन्हाळ्यात मोजलं, पानगळीत मोजलं. स्वच्छ पाण्यात पिसवा ज्या तांब्याने पटापट मेल्या, त्याच्या सहापट तांब्यातही नदीच्या पाण्यात त्या मजेत नाचत होत्या. म्हणजे आकडाही सहापट वाढणार. राज्याचं जलखातं त्यावर सही करायला टेकलंच होतं.

"झालं ना आता?" ग्लेनने विचारलं. ग्लेनचे पूर्वज कॉर्नवॉलहून खाणीत आलेले. गोरा, गुबगुबीत, बिलं वेळेवर धाडणारा माणूस.

"हिवाळ्याचं कुठे मोजलंय?" सायमा म्हणाली.

"हिवाळ्यात नदी गोठलेली असते गं बाई."

"वरून गोठते. खालून वाहते. आणि तेव्हा दलदलही गोठलेली असते, म्हणून खालचं पाणी झऱ्याचं येतं. काचेसारखं. त्या पाण्यात तांब्याला धरून ठेवायला आहेच काय?"

"हे तुला आर्वोने सांगितलं असणार."

सांगितलं आर्वोनेच होतं. आर्वो म्हणजे सायमाचा थोरला भाऊ. बायको गेल्यापासून नदीकाठच्या घरात एकटा राहायचा. घर गिरणीच्या वरच्या अंगाला, आणि पाण्याच्या अगदी कडेला त्याचा सौना, म्हणजे फिनिश लोकांची वाफ घ्यायची लाकडी खोली. त्याला एकच वेड होतं, ते म्हणजे किनारी ट्राउट. हा मासा मोठ्या सरोवरात वाढायचा आणि अंडी घालायला हेमलॉकमध्ये चढायचा. खाणींच्या काळात तो संपला. आर्वोने तो परत आणायचा चंग बांधला होता. दर पानगळीला तो सरकारी मत्स्यकेंद्रातून अंडी आणायचा, जाळीच्या छोट्या पेट्यांत भरायचा आणि गिरणीच्या खालच्या अंगाला, चांगल्या वाळूत पुरून ठेवायचा. हिवाळाभर अंडी तिथेच पडलेली असत, आणि बर्फ वितळायच्या आत पिल्लं फुटत. वीस वर्षं त्याने हे केलं. लोकांनी वेड्यात काढलं. मग दोन वर्षांपूर्वी सरोवरातून वर चढलेली पहिली मादी त्याने डोळ्यांनी पाहिली, आणि बहिणीला फोन करून नुसताच रडला.

म्हणजे हिवाळाभर अंडी वाळूत, आणि हिवाळ्याचं पाणी कुणी मोजलेलंच नाही. सायमाने ग्लेनच्या मागे भुणभुण लावली, मग जलखात्याच्या मागे. शेवटी खातं कंटाळून म्हणालं, ठीक आहे, हिवाळ्याची एक चाचणी करा. मार्चअखेर हरकतींची मुदत संपते, त्याच्या आत आकडे आले पाहिजेत.

नमुना गिरणीच्या वरच्या अंगाचा हवा होता, आणि रस्ता बर्फाने बंद. प्रयोगशाळेसाठी त्या बाजूचे नमुने नेहमी आर्वोच आणायचा, म्हणून त्यालाच सांगितलं. भाऊबहीण म्हणून कुणी नाक मुरडलं नाही. त्या गावात नातं नसलेला माणूस शोधायचा तर बाहेरगावाहूनच आणावा लागला असता. फेब्रुवारीत एका सकाळी आर्वो स्नोमोबिलवर पाण्याचे कॅन बांधून आला. भुवयांवर बर्फ साचलेलं.

"घे सिस्को," तो म्हणाला. बहिणीला तो अजून फिनिश शब्दानेच हाक मारायचा. "यातून भूत दिसेल इतकं स्वच्छ आहे."

पाणी खरंच तसं होतं. सायमाने त्यात पिसवा सोडल्या आणि दोन दिवस ती जेवलीही धड नाही. तिसऱ्या दिवशी ती टॉर्च घेऊन भांड्यांवर वाकली. तांबं न घातलेल्या भांड्यांत एकदोन पिसवा मेल्या होत्या. एवढं चालतं. पण ज्यांत अगदी थोडं, पहिलं माप घातलं होतं, तिथे सगळ्या तळाशी पडल्या होत्या. एकही हलत नव्हती. सहापट कसली, हिवाळ्यात ही नदी स्वच्छ पाण्याइतकीच नागडी होती. सायमाने जन्मात पहिल्यांदा मेलेल्या पिसवा पाहून टाळी वाजवली, आणि लगेच तिला स्वतःची लाज वाटली.

आर्वोला तिने फोनवर सांगितलं. त्याने तिच्याकडून आकडा पुन्हा एकदा वदवून घेतला. मग म्हणाला, "वाचली म्हणायची पोरं."

माशांना तो पोरंच म्हणायचा.

दुसऱ्या दिवशी रसायनवाल्या खोलीतून आकडे आले. नदीच्या मूळ पाण्यात, म्हणजे सायमाने काहीही न घालता, तांबं निघालं नेहमीच्या दहापट. सायमा त्या आकड्याकडे बघत बसली. वरच्या अंगाला एवढं तांबं कधीच नसतं. तिथे ना वाळू, ना खाण. ग्लेन बघून म्हणाला, "असेल एखादी जुनी शिरा. खातं थोडंच विचारतंय?" खातं विचारणार नव्हतंच. सगळे आकडे नियमात बसत होते. पण सायमा नाकासमोर चालणारी बाई होती, आणि नाकासमोर आता भावाचं घर होतं.

आर्वो सौनाच्या बाहेरच्या खोलीत चुलीला लाकडं लावत होता. तिला बघून खूश झाला. कॉफी ओतली, वेलदोड्याचा पाव कापला.

"आर्वो, पाणी कसं काढलंस ते मला सांग बघू," ती म्हणाली.

"कसं म्हणजे? सौनासमोरच्या बर्फातल्या भोकातून. आदल्याच दिवशी कुऱ्हाडीने मोठं केलं होतं."

"काढलंस कशाने?"

"तुझ्या त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या डावाने. दोनदा बुडवला आणि थंडीने कडकन मोडला मेला. तुमच्या त्या प्रयोगशाळेला जरा बऱ्या वस्तू विकत घेत जा म्हणावं."

"मग?"

"मग काय, सौनातलं ओगराळं होतं ना, त्याने भरलं. चांगलं लांब दांड्याचं. हात भिजत नाही."

ओगराळं चुलीशेजारी खिळ्याला टांगलेलं होतं. तापल्या दगडांवर पाणी ओतायचं, सगळ्यांच्या सौनात असतं तसलं. तांब्याचं. कडेला हिरवट पुटं चढलेली. साऱ्या मुलखात तांब्याची भांडी, त्यामुळे ती तांब्याची आहेत हे कुणाला दिसतच नाही. आर्वोलाही दिसलं नव्हतं. बहीण तिकडे टक लावून बघते आहे म्हणून त्याने तिकडे पाहिलं, आणि हातातली सुरी खाली ठेवली.

"सैताना," तो हळूच म्हणाला. ही शिवी स्वतःलाच होती.

मग तो म्हणाला, "ओगराळ्याचं जेवढं असेल तेवढं वजा कर की."

"कुठल्या कॅनमध्ये किती उतरलं, मला काय माहीत? हिरवं पूड होऊन पडलं की विरघळलं? ते असं वजा होत नाही रे."

"पण पाणी वाईट आहे हे खरं आहे ना? तुला माहितीय. मला माहितीय."

"वाटतं. माहीत नाही."

"सायमा." त्याने नावाने हाक मारली, म्हणजे प्रकरण गंभीर. "तू गप्प बस. एवढंच कर. कुणी विचारलेलं नाही तुला. आयुष्यात एकदा गप्प बस."

सायमाला खरं तर गप्प बसावंसं वाटलं. पण ती म्हणाली, "पुढे हरकतींच्या सुनावणीत कंपनीचा वकील हाच प्रश्न विचारेल. ओगराळं बाहेर येईल. मग हिवाळ्याच्या पाण्याचं नाव जरी काढलं तरी लोक हसतील. पुन्हा पाणी काढू. मी स्वतः येते. अजून महिना आहे. खरं असेल तर पुन्हाही तेच निघेल."

तिचं म्हणणं चुकीचं नव्हतं. वर्षभर ते वाक्य तिने मनात उलटंपालटं करून पाहिलं, आणि एकदाही तिला त्यात चूक सापडली नाही.

ग्लेनने चाचणी रद्द झाल्याचं खात्याला कळवलं. "धन्य आहेस," तो म्हणाला. "भाऊ तुझा, मासे तुझ्या भावाचे, आणि कुऱ्हाडही तूच मारतेस." खातं म्हणालं, पुन्हा नमुना घ्या, पण आता बोभाटा झालाच आहे तर कंपनीचा माणूस समोर हजर पाहिजे. कंपनीचा माणूस सुट्टीवर. मग वादळ. मग त्या माणसाची तारीख ठरली, आणि त्याच्या आदल्या रात्री दक्षिणेकडून वारा सुटला. मार्चच्या मध्याला कधी पडत नाही असा पाऊस पडला. दलदल सुटली. सायमा, आर्वो आणि कंपनीचा माणूस भोकापाशी पोचले तेव्हा पाणी चहाचं झालं होतं.

"आज नको," सायमा म्हणाली. "थंडी परत पडू दे."

"कॅलेंडरवर हिवाळाच आहे की," कंपनीचा माणूस म्हणाला. तो वाईट नव्हता. त्याला संध्याकाळच्या आत परत जायचं होतं. आणि मुदत संपत आलेली होतीच.

सायमाने नव्या प्लास्टिकच्या डावाने पाणी काढलं. कॅन तीनदा विसळून घेतले. त्या पाण्यात पिसवा पाचपट तांब्यात नाचल्या. हिवाळ्याची चाचणी रीतसर झाली, आकडे उत्तम, खात्याने सही केली. परवाना पाच वर्षांचा. आर्वोने बहिणीला फोन केला नाही, तिनेही केला नाही.

गिरणी सुरू झाली. गावात पगार आले, पेस्टीच्या, म्हणजे खाणकामगारांच्या त्या मटणाच्या करंज्यांच्या, दुकानापुढे पुन्हा दुपारी रांग लागायला लागली. गिरणीने आकडा एकदाही ओलांडला नाही. सायमा दर महिन्याला मोजत होती, आणि दर महिन्याला तिला लिहावं लागत होतं, की ठीक आहे. पानगळीत आर्वोने नेहमीसारख्या पेट्या पुरल्या. भाऊबहिणीचं बोलणं थँक्सगिव्हिंगला पुन्हा सुरू झालं. हवेबद्दल बोलले, गुडघ्यांबद्दल बोलले.

पुढच्या मार्चमध्ये, बर्फ अजून घट्ट असताना, आर्वोने तिला बोलावलं. दोघं गिरणीच्या खाली उतरली. आर्वोने बर्फ फोडलं, कोपरापर्यंत हात घालून पहिली पेटी उकरून काढली. बरं अंडं नारिंगी असतं, आत दोन काळे डोळे दिसतात. या पेटीतलं एकेक अंडं पांढरं होतं, शिजलेल्या तांदळाच्या दाण्यासारखं, वरून बुरशीचे धागे. थोडी पिल्लं फुटली होती, तीही मेलेली, पोटाला बलकाची पिशवी तशीच चिकटलेली. दुसरी पेटी तशीच. तिसरीही तशीच होती. आर्वो पेट्या काढत राहिला. "पुरे," सायमा म्हणाली, तरी तो थांबला नाही. शेवटची काढून झाल्यावर तो बर्फावर बसला, आणि त्याचा हात निळा पडलेला बघून सायमाने आपला हातमोजा काढून त्यात तो कोंबला.

"हिवाळ्याचं पाणी," तो म्हणाला. "तपासून सांग मला."

पाणी तिने त्याच दुपारी वरच्या अंगाला जाऊन काढलं. काचेसारखं. कुणी मागितलेली चाचणी नव्हती ती. ग्लेनने डोळेझाक केली, एवढं त्याचं पुण्य. मूळ पाण्यात तांबं जवळजवळ नव्हतंच. पहिलं माप घातलेल्या भांड्यांत पिसवा गोल गोल फिरल्या, मग कलंडल्या, मग सगळ्या तळाशी गेल्या. गेल्या वर्षी मेल्या होत्या तशाच, त्याच मापाला.

सायमाला राग यावा अशी कुणी व्यक्तीच समोर नव्हती. कंपनी नियमात होती, खातं नियमात होतं, तीही नियमात होती. गेल्या वर्षीची ती चाचणी खोट्या पाण्याची होती आणि खरं सांगत होती. आता खऱ्या पाण्याने तेच सांगितलं, पण वरातीमागून घोडं. खातं म्हणालं, आकडे पाठवून ठेवा, परवाना नव्याने करताना बघू. म्हणजे आणखी चार हिवाळे. तोवर आर्वो पंचाहत्तरीत जाणार, आणि सरोवरात उरलेल्या माद्यांचं आयुष्यही काही फार मोठं नसतं.

ती गाडीने नदीकडे निघाली तेव्हा तिचं ठरलं होतं. आयुष्यात एकदा खोटं बोलायचं. खरं सांगितलं तर त्याचा सरळ अर्थ असा, की गेल्या फेब्रुवारीत पाणी नीट काढलं असतं तर पोरं वाचली असती. हे त्याला कशाला कळायला हवं? रस्ताभर ती वाक्याची तालीम करत होती.

आर्वो स्वयंपाकघरात बसला होता. दाढी केलेली नव्हती.

"काय निघालं?"

"चांगलं निघालं पाणी," सायमा म्हणाली. "पिसवा जगल्या. तेव्हा... गेल्या वर्षी नीट काढलं असतंस तरी काही फरक पडला नसता. तुझ्यामुळे काही झालेलं नाही."

आर्वोने मान डोलावली. बराच वेळ डोलावत राहिला. सायमाला वाटलं, सुटले. सहज जमलं की, इतकी वर्षं उगाच घाबरत होते.

"मग पेट्याच," तो म्हणाला.

"काय?"

"पाणी चांगलं, म्हणजे माझ्या पेट्याच चुकल्या. उथळ पुरल्या असणार. गाळ बसून गुदमरली. म्हणजे आधीच्या वर्षीही नशिबानेच जगली असतील. वीस वर्षं, सिस्को. मला पुरताच येत नव्हतं आणि मी लोकांना शिकवायला निघालो होतो." तो हसला, पण ते हसणं बघवत नव्हतं. "मत्स्यकेंद्राला कळवतो. पुढच्या वर्षी अंडी दुसऱ्या कुणाला द्या म्हणावं. जाणत्या माणसाला."

असं होईल हे सायमाच्या डोक्यातही आलं नव्हतं. खोटं बोलायची सवय नसलेल्या माणसाने बोलू नये, त्याला ते पुढे कुठे जाईल हे दिसत नाही.

"आर्वो, पेट्या बरोबर होत्या."

"तू बोलू नकोस, तुला काय कळतं त्यातलं."

"बरोबर होत्या. मी खोटं बोलले. पिसवा मेल्या. पहिल्याच मापाला, सगळ्या. हिवाळ्याच्या पाण्यात तांब्याला धरायला काही नाही, तू म्हणत होतास तेच. गिरणीच्या तांब्याने मेली पोरं. गेल्या वर्षी चाचणी टिकली असती तर..." पुढचं तिला बोलवलं नाही. पण त्याची गरजही नव्हती.

ती रडत होती, आणि रडायची तिलाही सवय नव्हती, त्यामुळे ते फार वाईट दिसत होतं. बाहेर कुणाची तरी स्नोमोबिल गेली, आवाज नदीच्या वळणापर्यंत ऐकू आला आणि थांबला.

"म्हणजे ते ओगराळं," तो म्हणाला.

"हो."

त्याने दोन्ही तळहातांनी चेहरा पुसला, वरून खाली, सौनातून बाहेर आलेला माणूस पुसतो तसा.

"पण पेट्या बरोबर होत्या ना?" त्याने विचारलं.

"बरोबर होत्या," सायमा म्हणाली.

"खोल पुरेशा होत्या?"

"होत्या."

"नाही, तू पुन्हा खोटं बोलत असशील."

"नाही रे बाबा, नाही," ती म्हणाली.